नमुना क्रमांक एक

ज्या बाईंबद्दल मी लिहायला बसलोय, त्यांचं काम माझ्या एका वाक्यामुळे गेलं. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगू म्हटलं की मी इतकी सारवासारव करतो की ऐकणाऱ्याला वाटावं, चूक बिचाऱ्या कॉम्प्युटरचीच होती. ती त्याची नव्हती.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, ज्यांना घरी सांभाळणं कुणाला जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांचा बारा खाटांचा वॉर्ड होता. तिथे त्या मदतनीस होत्या. अशा कामातल्या बायकांना सगळेच मावशी म्हणतात. वॉर्डात मावश्या तीन, म्हणून ओळखायला सोपं जावं यासाठी यांचं नाव पडलं होतं 'आधी मी' मावशी. हे नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. आंघोळीचं पाणी कुणाच्या अंगावर घालण्याआधी त्या ते स्वतःच्या मनगटावर ओतून बघत आणि म्हणत, "आधी मी." नवी चाकांची खुर्ची आली, तर आधी स्वतः तिच्यात बसून अख्ख्या वऱ्हांड्याची फेरी मारत, आणि परत येऊन जाहीर करत, "डावं चाक कुरकुरतंय, पण सुनेपेक्षा कमी." दरवर्षी लस टोचायला नर्स आली की सगळे म्हातारे पोरांसारखं रडगाणं लावायचे. मावशी बाही वर करून पुढे उभ्या. "आधी मी. बघा, मेले का? नाही ना? चला, आता तुम्ही."

उंचीने बेताच्या, अंगाने रुंद, आणि कमरेला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. त्या दिसायच्या आधी तो ऐकू यायचा. वयाचं विचारलं तर म्हणत, "निवृत्तीला सहा वर्षं आहेत, त्यावरून मोजा." शिक्षण किती, तेही विचारायची सोय नव्हती, पण बाराही जणांच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ, आणि कुणाचा मुलगा कोणत्या वारी येतो म्हणून सांगतो नि येत नाही, हेही.

तिसऱ्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, पण त्यांना स्वतःला पत्र लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. रोज सकाळी ते विचारायचे, "माझं काही?" मावशींनी काय करावं? धोब्याकडच्या कपड्यांची यादी पाकिटात घालून त्यांच्या हातात ठेवली आणि मग स्वतःच वाचून दाखवली. "चादरी चौदा, अभ्रे नऊ, गाऊन अकरा, त्यांतला एक फाटका." पोस्टमनकाकांनी मान डोलावली, पाकीट उशीखाली ठेवलं आणि म्हणाले, "बरे आहेत सगळे." त्यानंतर हे रोजचंच झालं.

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण सातव्या खाटेवर माझी आत्या होती. आईवडिलांच्या माघारी तिनेच मला वाढवलं. शाळेत गणित शिकवायची. माझ्या वहीत उत्तर बरोबर असलं तरी ती त्यावर लाल काट मारायची, कारण मी पायऱ्या लिहीत नसे. "उत्तर काय, शेजारच्याचं बघूनही येतं. पायऱ्या दाखव." पाय निकामी झाल्यावर ती त्या वॉर्डात गेली, आणि दर मंगळवारी आणि शनिवारी मी तिला भेटायला जाऊ लागलो. तिला माझ्याशिवाय येणारं कुणी नव्हतं. वॉर्डातले सगळेच तिला माझ्यासारखं आत्या म्हणू लागले, आणि मावशी मला म्हणू लागल्या भाचेबुवा.

ज्या दिवसांबद्दल मला सांगायचंय, त्याच्या थोडं आधीची एक भेट आठवते. माझा घसा बसला होता. मावशींनी मला दारातच अडवलं.

"भाचेबुवा, हा आवाज तुमचा की दाराच्या बिजागरीचा?"

"काही नाही हो, थंड पाणी प्यालो."

"थंड पाणी म्हणे. थांबा तिथेच." त्यांनी गरम पाणी आणलं, पेल्याला आधी स्वतःचं मनगट लावून पाहिलं, आणि मी ते सगळं पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग माझ्या नाकातोंडावर मास्क चढवून म्हणाल्या, "पाचच मिनिटं. आणि लांब बसायचं. आत्या वाट बघून बघून मला खाऊन टाकतात, म्हणून सोडतेय." मी पाच मिनिटांची पंचवीस केली. आत्याला ऐकू कमी येतं म्हणून मास्क खाली ओढून बोललो. मावशी तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणाची तरी चादर बदलत होत्या.

आता माझ्या कामाबद्दल. मी एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस. पांढरा कोट घालतो, तो फक्त एसी फार असतो म्हणून. विषाणू म्हणजे शेवटी एक लांबलचक मजकूर असतो, चारच अक्षरांत लिहिलेला. एका माणसातून दुसऱ्यात जाताना तो स्वतःच्या नकला काढतो आणि नकला काढताना मधूनच एखादं अक्षर चुकतो. वेगवेगळ्या माणसांचे नमुने एकाखाली एक लावून पाहिले, की कोण कुणाच्या जवळचं ते कळतं. आमचं सॉफ्टवेअर हे करतं आणि त्याचं झाडासारखं चित्र काढून देतं.

पण चित्र काढणं हे त्याचं खरं काम नव्हे. त्याचं खरं काम अंदाज तपासणं. गोष्ट अशी घडली असेल, किंवा तशी घडली असेल, असे दोन अंदाज त्याला द्यायचे. ते दोन्ही मानून गणित करतं आणि प्रत्येकाला एक आकडा देतं. आकड्यांत पुरेसं अंतर असेल तर एक अंदाज उचलायचा. नसेल तर हात वर करायचे आणि म्हणायचं, माहीत नाही. हे 'माहीत नाही' त्या सॉफ्टवेअरला अगदी सहज म्हणता येतं. मला जमत नाही, हे माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला कळलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या झाडाला मूळ नसतं. कोण कुणाच्या जवळ एवढंच ते जाणतं. आधी कोण आणि नंतर कोण, हे त्याला ठाऊक नसतं. मूळ हवं असेल तर बाहेरचा एखादा जुना नमुना यादीत सगळ्यांच्या वर टाकायचा, म्हणजे झाड त्याला धरून टांगता येतं. तो टाकला नाही तर सॉफ्टवेअर काहीतरी धरायला हवं म्हणून यादीतला पहिला नमुना धरतं, आणि चित्रात तो पहिला नमुना बुंध्याशी जाऊन बसतो. त्याला काडीचाही अर्थ नसतो. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. "खूणगाठ बांधून ठेवा," असंही वर बजावतो.

तर, त्या वर्षी वॉर्डात ताप शिरला. दहा दिवसांत बारापैकी सात जण आजारी पडले आणि त्यांतले दोघे गेले. पाचव्या खाटेवरच्या आजी, ज्या एके काळी शिवणकाम करायच्या आणि अजूनही चादरीच्या कडेवरून शिवण चालवावी तशी बोटं फिरवायच्या. आणि अकराव्या खाटेवरचे, कुणाशीच न बोलणारे एक गृहस्थ. आत्याला नुसती कणकण येऊन गेली. नातेवाइकांनी आरडाओरडा केला, की हे आत आलं कसं? रुग्णालयाने ठरवलं, वॉर्डातल्या सगळ्यांचे नमुने घ्यायचे, खाटेवर उरलेल्या दहांचे आणि तिथे काम करणाऱ्या सातांचे, आणि छडा लावायचा.

नमुने घेतले तो प्रसंग आत्याने मला नंतर सांगितला. नाकात लांब काडी घालणार म्हटल्यावर वॉर्डात बंड झालं. कुणी तोंड फिरवलं, कुणी पांघरूण डोक्यावर घेतलं. मावशी पुढे झाल्या. "आधी मी." खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली, काडी गेली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट हसून म्हणाल्या, "गुदगुल्या होतात नुसत्या." मग एकेक जण तयार झाला. सगळ्यांत शेवटी पोस्टमनकाका. त्यांना आधी त्या दिवसाचं पत्र हवं होतं.

म्हणून मावशींच्या नळीवर चिठ्ठी लागली क्रमांक एकची.

अकरा नमुन्यांत विषाणू सापडला. मावशींना ताप नव्हता, खोकला नव्हता, पण विषाणू होता. अक्षरांच्या फायली आमच्याकडे आल्या. माझी आत्या तिथेच आहे हे मी आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तर मन लावून कराल." काम माझ्या गळ्यात पडलं. बैठक दुपारी तीनला होती. अकराला फाइल लावली, चित्र निघालं, आणि बुंध्याशी क्रमांक एक बसलेला दिसला.

क्रमांक एक कोण, हे मला माहीत होतं. बाहेरचा नमुना टाकायचा राहिलाय, हेही माहीत होतं. तो टाकून दोन अंदाज पडताळायला अर्धा तास लागला असता. माझ्याकडे चार तास होते.

मी ते का केलं नाही, याचं उत्तर द्यायला मला फार लाज वाटते, पण ते असं आहे. मावशी माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांच्या नावावर बोट जाताच मी पुन्हा गणित करायला बसलो, तर लोक म्हणतील, ओळखीच्या बाईला वाचवायला बघतोय. मला निःपक्ष दिसायचं होतं. निःपक्ष असण्यापेक्षा दिसायचं जास्त होतं. म्हणून मी ताठ मानेने ते चित्र छापलं आणि रंगीत छापलं.

बैठकीला रुग्णालयाच्या अधीक्षकबाई होत्या, वॉर्डाच्या मुख्य नर्स होत्या, आणि दोन डॉक्टर. अधीक्षकबाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, आणि त्यांना नातेवाइकांना देण्यासाठी काहीतरी हवं होतं. त्यांनी चित्र जवळ ओढलं.

"हा खाली बुंध्याशी कोण?"

"नमुना क्रमांक एक."

त्यांनी यादी पाहिली. "म्हणजे या मदतनीस बाई. बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी असेल का?"

"त्यांचे नमुने आपल्याकडे नाहीत," मी म्हणालो.

"मग याच. यांच्यापासून सुरू झालं, असं म्हणायचं ना?"

इथे 'माहीत नाही' म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मुख्य नर्स तर अशा बघत होत्या की मी नाही म्हणावं म्हणून त्या हात जोडतील की काय.

"चित्रात तसं दिसतंय," मी म्हटलं.

तीन शब्द. खोटं एकही नाही. चित्रात तसं दिसतच होतं. घरी जाताना मी स्वतःला हेच सांगत होतो, आणि जो माणूस स्वतःला वाटेत अशी समजूत घालत असतो त्याला आतून पक्कं ठाऊक असतं की आपण काय करून आलोय.

मावशींना दुसऱ्याच दिवशी कामावरून कमी केलं. कारण लेखी दिलं नाही, पण तोंडी दिलं, आणि तोंडी दिलेलं जास्त पसरतं. आत्या सांगते, मुख्य नर्स त्यांना खिडकीशी घेऊन गेल्या आणि हळू आवाजात सगळं बोलल्या. मावशींनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "पाचव्या खाटेवरच्या आजी पण माझ्यामुळेच?" मावशींनी कमरेचा जुडगा सोडला, टेबलावर ठेवला, आणि वॉर्डात परत न येता तशाच जिन्याने उतरून गेल्या. ज्या बाईने तिथे कुणाचाही निरोप घेतल्याशिवाय कधी सुट्टीसुद्धा घेतली नव्हती, त्या आत आल्याच नाहीत. पुन्हा कुणाला काही लागू नये म्हणून.

मी शनिवारी गेलो तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुझ्या यंत्राने म्हणे उत्तर काढलं."

"आत्या, ते काही मी ठरवलेलं—"

"पायऱ्या दाखव."

पायऱ्या मी केल्याच नव्हत्या. तिने पुन्हा विचारलं नाही. पलीकडे पोस्टमनकाका नव्या मदतनीस बाईला विचारत होते, "माझं काही?" आणि ती सांगत होती, "काही नाही, आजोबा." खरंच होतं ते.

आठ महिने गेले. प्रयोगशाळेत त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. अशा वेळी आमच्याकडे नियम आहे, की जुन्या वीसेक फायली तिच्यातून पुन्हा चालवायच्या आणि उत्तरं तीच येतात ना ते बघायचं. कंटाळवाणं काम. वीसमध्ये वॉर्डाची फाइल होती. नव्या आवृत्तीत यादी खालून वर वाचली जात होती, एवढाच काय तो फरक. चित्र निघालं. सगळ्या फांद्या त्याच, अंतरं तीच. फक्त या वेळी बुंध्याशी शेवटचा नमुना बसला होता.

म्हणजे पोस्टमनकाका. जे दोन वर्षांत खाटेवरून खाली उतरले नव्हते आणि ज्यांना भेटायला कुणी कुत्रंही येत नव्हतं.

मग मी आठ महिन्यांपूर्वी करायचं होतं ते केलं. बाहेरचा नमुना टाकला, या वेळी यादीत सगळ्यांच्या खाली. दोन अंदाज दिले: सुरुवात मावशींपासून, आणि सुरुवात दुसऱ्या कुणापासून. शेजारी चहा ठेवला होता, तो कोमट व्हायच्या आत उत्तर आलं. दोन्ही आकडे दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत सारखे. नमुने वर-खाली लावून बघितले तर मावशींचा, पोस्टमनकाकांचा आणि आणखी दोन खाटांचा मजकूर अक्षरन् अक्षर एकच होता. त्यातून कोण आधी ते कुणालाच काढता आलं नसतं. ते बघायला सॉफ्टवेअरसुद्धा लागत नव्हतं, डोळे उघडे ठेवले असते तरी पुरलं असतं.

मी सगळं लिहून काढलं, पायऱ्यांसकट, आणि अधीक्षकबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं.

"मग आता कुणापासून सुरू झालं म्हणायचं?"

"माहीत नाही."

"हे तुम्ही तेव्हा म्हणाला असतात, तर मी त्यांना काढलं नसतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की जागा भरली गेलीय, पण दुसऱ्या वॉर्डात पुढच्या महिन्यात एक रिकामी होतेय, आणि मावशी यायला तयार असतील तर त्या स्वतः पत्र काढतील. "मात्र त्यांना जाऊन सांगायचं काम तुमचं."

मावशी एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या, मुलगी, जावई आणि दीड वर्षाच्या नातीबरोबर. मी दुपारी गेलो. जिन्यात खालच्या शिलाई मशीनची घरघर ऐकू येत होती. दार मुलीने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा मिटला, पण तिने मला आत घेतलं.

मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांचे हात मला आधी दिसले. साबणाने धुऊन धुऊन पांढरट पडलेले, बोटांच्या सांध्यांवर चिरा. धुलाईच्या कारखान्यात घड्या घालायचं काम मिळालंय, म्हणाल्या. "हातमोजे घालून करायचं असतं. ते एक बरं आहे." मला 'भाचेबुवा' म्हणाल्या नाहीत. "साहेब, बसा," म्हणाल्या.

नात दुडदुडत आली आणि त्यांच्यापुढे हात वर करून उभी राहिली. उचलून घे म्हणून. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मुलीला हाक मारली. मुलगी आली, पोरीला उचलून आत घेऊन गेली. मी तिकडे बघतोय हे मुलीला दिसलं. "आठ महिने," ती दारातून म्हणाली. "एकदासुद्धा घेतलं नाही."

मग मी सांगायला सुरुवात केली. झाड, मूळ, यादी. पाठ करून गेलो होतो, तरी अडखळत होतो. मावशींनी मध्येच थांबवलं.

"वॉर्डातले गाऊन धुऊन यायचे ना, तेव्हा नाड्यांचा गुंता होऊन यायचे. सगळे एकमेकांत अडकलेले. त्यातला जो हाताला लागेल तो उचलायचा, की तोच वर आणि बाकीचे त्याच्याखाली लोंबायचे. तसं का?"

"अगदी तसंच."

"आणि तुमच्या हाताला मी लागले."

"हो."

"का तर मी पहिली बसले खुर्चीत."

"हो," मी म्हटलं. "मावशी, मला माहीत होतं. घाईत झालं असं नाही. तपासून बघायला वेळ होता, आणि मी बघितलं नाही." इतकं बोलून मला वाटलं होतं, जरा हलकं वाटेल. काही वाटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, आणि आवाजात असं काही होतं की माझ्याच्याने वर बघवेना. "म्हणजे माझ्यामुळे नाही ना? आजी, आणि ते अकरा नंबरवाले?"

हेच ऐकायला त्या आठ महिने थांबल्या होत्या. कामाचं, नव्या जागेचं, पत्राचं काहीच नाही, एवढंच. आणि एवढंच माझ्याजवळ नव्हतं. एकदा वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण न कळणारं कळल्यासारखं सांगूनच मी इथवर आलो होतो.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही नाही. अकरांपैकी कुणीही असेल. नाहीतर यादीत नसलेलं कुणी."

"यादीत नसलेलं कोण?"

"भेटायला येणारे. त्यांचे नमुने घेतलेच नव्हते."

मावशींनी मान हलवली. मग सहज, कुणाची तब्येत विचारावी तसं म्हणाल्या, "तुमचा घसा बसला होता तेव्हा."

खोटं कशाला सांगू, मला ते त्या दिवशीही आठवलं होतं. बैठकीत, 'त्यांचे नमुने आपल्याकडे नाहीत' म्हणताना. एक क्षणभरच, आणि मी तो विचार बाजूला सारला. इथवर लिहिताना मी ते गाळलं होतं. आताही मावशींनी काढलं म्हणून लिहितोय.

"तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?" मी विचारलं.

"कुणी विचारलं नाही. आणि सांगितलं असतं तर तुम्हाला यायचं बंद केलं असतं त्यांनी. मग आत्यांकडे आलं असतं कोण?"

आतल्या खोलीत नात काहीतरी आपटत होती. खालचं मशीन चालूच होतं. मी नव्या जागेबद्दल सांगितलं, अधीक्षकबाई पत्र देतील हेही सांगितलं. मावशी "बघू" म्हणाल्या. मी माझ्या घशाचंही लिहून देतो म्हणालो, आजच देतो. त्यालाही "बघू" म्हणाल्या. मग उठल्या. बोलताना माझा आवाज बसल्यासारखा झाला होता, तो आजारपणाने नव्हता, पण त्यांना सवयच तशी. गरम पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्याला हात लागू नये म्हणून तो ताटलीत ठेवून, ताटलीच्या कडेला धरून आणला होता. टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवला आणि दोन पावलं मागे सरल्या.

"गरम असेल," मावशी म्हणाल्या. "आधी तुम्ही बघा."